दर्भाचा कावळा

माझ्या नवऱ्याच्या, चारुदत्तच्या दहाव्याला, १९८५च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत ट्रॉयमधल्या आमच्या अंगणात कावळे आले, मेपलवर बसले आणि पिंडाकडे बघत राहिले. एकही खाली उतरेना.

"शरयू, माझ्या पुतण्याची काहीतरी इच्छा राहिलीय," नरेंद्रकाका म्हणाले. एरवी ते गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतात. त्या दिवशी सोवळं नेसून, वर जाड जॅकेट चढवून भटजी झाले होते.

मग एकेकानं वचनं दिली. मुलीला शिकवू. आईला सांभाळू. कावळे ढिम्म.

मला त्याची इच्छा पाठ होती. महिनाभर जेवताना तो तेच बोलत होता. साच्यात काचेच्या धाग्यांची गादी ठेवायची, दाबानं तिच्यात पातळ, चिकट रेझिन घुसवायचं, की मोटारीचं बॉनेट तयार. "पण दाब वाढला की रेझिन घट्ट होतं, शरयू. आमच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामला ते ठाऊकच नाही. रेझिन अडलं की तो सांगतो, अजून दाब वाढवा." मॅनेजरनं हसण्यावारी नेलं. वरून हुकूम आला, चारूनं प्रोग्रामनं सांगितलेला दाब लावला आणि साचा फुटला. त्यातच तो गेला. अजूनही जेवायला बसले की त्या रिकाम्या खुर्चीतून मला तेच ऐकू येतं.

येत्या सोमवारी त्याच प्रोग्रामवर, नव्या साच्यापाशी विवेक उभा राहणार होता. चारूचा कामावरचा जोडीदार.

"तू बोल," मी त्याला म्हणाले. "प्रोग्राम बदलेपर्यंत मशीनला हात लावणार नाही, म्हण."

"वहिनी, माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे," तो पुटपुटला. "आत्ता रिफ्यूज केलं तर जॉबच जाईल."

थंडी बोचायला लागली. लोक चुळबुळू लागले. शेवटी नरेंद्रकाकांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. शास्त्रात सोय आहे म्हणे. सगळ्यांनी सुटल्यासारखे हात जोडले, विवेकनं सगळ्यांच्या आधी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गवताचा कावळा! टेकवला की शिवतो. कंपनीचा प्रोग्रामही तसलाच, खऱ्याच्या जागी सोय म्हणून ठेवलेला. मेपलवरचे खरे कावळे मात्र अजून बघतच होते.

सोमवारी सकाळी मी काळा कोट घातला आणि प्लान्टच्या गेटमध्ये जाऊन उभी राहिले. विवेकची गाडी आली. मला बघून त्यानं ब्रेक मारला, काच खाली केली. चेहरा पांढराफटक.

"वहिनी? तुम्ही इथे?"

"कावळा अजून शिवलेला नाही, विवेक."

मागे हॉर्न वाजू लागले. मी गाडीसमोरून हलले नाही. त्याच्याकडे बघत राहिले.

विवेकनं इंजिन बंद केलं.