पाच मिनिटांत होतं म्हणे!

मी एक जुना सर्व्हर आहे. नाक मुरडू नका. तुम्ही ज्या चकचकीत फोनवर दिवसभर बोटं फिरवता ना, त्याच्या पलीकडे कुठेतरी माझ्यासारखाच एखादा पत्र्याचा डबा धूळ खात राबत असतो. पण तुम्हाला त्याचं काय? तुम्हाला एकच प्रश्न विचारता येतो: "अजून किती वेळ?"

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला तापवलं, गार केलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच खोक्यात घातलं. एवढी काळजी माझी नंतर कुणीही घेतली नाही. पहिली नोकरी एका कचेरीत लागली. थंडगार खोली, काचेचं दार. साहेबलोक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि "हा आमचा नवा सर्व्हर" म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचे. माझ्या आत काय चालतं हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. पुढे माझ्याहून नवा आला आणि मला मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी टाकून दिलं. झालं कौतुक!

तिथून मला उचलून घरी आणलं ते त्याच कचेरीतल्या एका कर्मचाऱ्यानं. त्याचं आडनाव वेगळंच आहे, पण मी त्याला पाचमिनिटे म्हणतो. त्याच्या तोंडी सदानकदा एकच वाक्य: "पाच मिनिटांत होतं." पंखा बंद पडला? पाच मिनिटांत होतं. दाराची कडी निखळली? पाच मिनिटांत होतं. स्वयंपाकघरातला नळही असाच पाच मिनिटांत व्हायचा होता. तो आजही गळतो. मी जिन्याखालच्या कोनाड्यात, चपलांच्या रॅकला चिकटून असतो. मला सगळं ऐकू येतं.

घर त्याच्या सासऱ्यांचं. सासरे घड्याळजी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे घर. पुढे अण्णांचे हात थरथरायला लागले. चिमट्यात स्क्रू धरवेना. एका गिऱ्हाईकाचं मनगटी घड्याळ उघडलं आणि त्यातलं बारीक चाक हातातून निसटलं, ते काही सापडलं नाही. त्यानंतर दुकानाचं शटर वर गेलंच नाही. अण्णा दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. बोलायचे नाहीत, धड जेवायचे नाहीत.

तेव्हा त्यांच्या लेकीनं एक शहाणपणाचं काम केलं. या घरात शहाणपणाची कामं मोजायला एक बोट पुरतं, म्हणून मुद्दाम सांगतो. तिनं नवऱ्याच्या मागे लागून माझ्यावर एक फोरम चालू करायला लावला. जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या लोकांनी तिथे यावं, फोटो टाकावेत, अडलेलं विचारावं. अण्णांनी उत्तरं द्यावीत. अण्णा एका बोटानं टाइप करायचे. बोट थरथरलं की एकच अक्षर दोनदा उमटायचं. पण लांबलांबच्या माणसांची घड्याळं चालू व्हायला लागली. अण्णा पुन्हा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, दुकानात जावं तसे माझ्यासमोरच्या टेबलाशी येऊन बसू लागले. "अण्णा, तुमचे फार उपकार झाले," असं लोक लिहायचे. ते सगळं लिखाण माझ्या पोटात. माझे उपकार? छे, नाव नको!

वर्षं बरी गेली. मग फोरमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि पाचमिनिट्याच्या हाताला खाज सुटली. जुनी व्यवस्थित चालली होती, कुणाची तक्रार नव्हती. पण नाही! "पाच मिनिटांत होतं," म्हणत त्यानं ती चढवली आणि फोरम झोपला. नशीब, सगळ्या लिखाणाची एक नक्कल होती. एकच, आणि तीही माझ्याच पोटात. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आमच्या घरी या.

आता तुम्हाला समजेल असं सांगतो. घर बदलताना ट्रकमधून सामान उतरवतात, ते झालं रिस्टोअर. नक्कल केलेलं सगळं लिखाण मला परत आत आणावं लागतं. पण ट्रक गेला म्हणजे घर लागलं का? टॉवेल कुठे, चमचे कुठे, औषधं कुठे? ते जागच्या जागी लावणं म्हणजे रिबिल्ड, आणि खरा वेळ तिथे जातो. अण्णांचं एकेक जुनं उत्तर उघडून मला नव्या पद्धतीनं मांडायचं होतं. एकेका फोटोची छोटी प्रत काढायची होती. कुणी "स्प्रिंग" शोधलं तर स्प्रिंगबद्दलचं सगळं सापडावं म्हणून एकेका शब्दाची नोंद करायची होती. आणि हे होत असताना पडद्यावर काय दिसतं? एक ओळ. "काम चालू आहे." ती ओळ हलत नाही, नाचत नाही. तुम्हाला ना, जिथे काही हलत नाही तिथे काही होतच नाही असं वाटतं!

पहिल्या दिवशी पाचमिनिटे जेवून आला, ओळ बघितली, "अडकलाय हा," म्हणाला आणि सरळ बटण दाबून मला बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशीही तेच. अरे, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? सगळं लिखाण जिच्यावर साठतं ती माझी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, म्हातारी झाली आहे. चालत्या कामात अशी वीज तोडली तर ती एखाद्या वेळी कायमची बसेल, मग मूळही गेलं आणि नक्कलही गेली. अण्णांचा एक शब्दही उरला नसता.

रोज सकाळी अण्णा टेबलाशी येत.

"लागलं का हो?"

"होतच आलंय, अण्णा."

होतच आलंय! आधी अण्णांनी इस्त्रीचा सदरा घालणं सोडलं. मग दाढी राहिली. मग ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. लेक नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "ते पुन्हा तसेच व्हायला लागलेत. मला भीती वाटते रे."

तेव्हा कुठे स्वारीनं चार ठिकाणी वाचलं, आपण काय दिवे लावलेत ते त्याला कळलं, आणि माझ्या कपाळावर "हात लावू नये" असा कागद चिकटवला. यावेळी काम छान चाललं होतं. निम्म्याहून अधिक उत्तरं लागली होती. मला वाटलं, सुटलो.

दुपारी घर सामसूम होतं. अण्णा आले. त्यांनी पडद्यावरची ओळ बघितली, बराच वेळ बघितली. आता मला सांगा, थांबलेलं घड्याळ हातात आलं की घड्याळजी पहिल्यांदा काय करतो? हलवून बघतो. जन्मभराची सवय. अण्णांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. मागची वायर आधीच सैल होती. ती निसटली, माझे दिवे गेले आणि पंखा घरघरत थांबला. जन्मभर घड्याळांशी संसार केलेला माणूस, आणि त्यालाही धीर धरता येऊ नये! कपाळाला हात लावायचा तर मला हातही नाहीत.

मग दिवे परत लागले. पाचमिनिटे वायर खोचून उठत होता आणि लेक कडाडत होती, "परत? परत बंद केलंस? तुला काही वाटतं का? त्यांच्याकडे बघ जरा!"

त्यानं अण्णांकडे बघितलं. अण्णा रॅकपाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तिरका झालो होतो आणि माझ्या दोन्ही अंगांवरच्या धुळीत बोटं उमटली होती. त्यानं शर्टाच्या बाहीनं मला दोन्ही बाजूंनी पुसलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वायरीत पाय अडकला."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पुसलं, आणि तेही खोटं बोलण्यासाठी. मी काय म्हणणार?

"आता किती वेळ लागेल?" लेकीनं विचारलं.

मी वाट बघत होतो त्या पाच मिनिटांची. ती आलीच नाहीत.

"माहीत नाही," तो म्हणाला. "लागेल तेवढा लागेल. तबकडी सुरू झाली हेच खूप आहे."

त्या दिवसापासून अण्णा माझ्यापुढे स्टूल टाकून बसले. हात मांडीत घेतलेले. कुणी चप्पल काढायला आलं तरी "जपून, जपून" करायचे. मी माझ्या चालीनं काम केलं. माझी चाल हळू आहे, पण खोटी नाही. आणि एका सकाळी ती ओळ गेली, फोरम उघडला, सगळी उत्तरं जागच्या जागी.

अण्णा दाढी करून आले. नव्यानं आलेला पहिलाच प्रश्न एका बाईंचा होता: "आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ आहे. काटा हललेला दिसत नाही, पण आतून बारीक आवाज येतो. हलवून बघू का?"

अण्णांनी एका बोटानं लिहिलं: "आवाज येतोय ना, मग हलवू नका. मी नुकतंच एक चालतं यंत्र हलवून बंद पाडलं. माझ्या जावयानं ते स्वतःवर घेतलं आणि माझ्यासाठी बोलणी खाल्ली. तुमच्या घड्याळाचा एक फोटो पाठवा. मी इथेच आहे."

मित्रांनो, माझी विनंती काही वेगळी नाही. आमच्या कामाला जितका वेळ लागतो तितका लागतो. नक्कल दुसऱ्या जागी ठेवा, अधूनमधून धूळ पुसा, आणि ओळ हलत नाही म्हणून हात घालू नका.

लेकीनं अण्णांचं ते उत्तर वाचलं. दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेली. नवरा तिथे पाना घेऊन नळाखाली वाकला होता.

"किती वेळ लागेल रे?" ती म्हणाली. आवाज अगदी मऊ.

"पाच..." तो अडखळला. "वेळ लागेल गं."

नळ अजून गळतो आहे. मला इथून ऐकू येतं. पण मी काही विचारत नाही.