खालच्या आळीचा पाऊस

शहरात पाऊस किती पडतो, याचं नगरपालिकेत एकच उत्तर होतं: वेधशाळेत पडतो तेवढा. वेधशाळा शहराच्या एका टोकाला, मोकळ्या माळावर. तिथल्या आकड्यांवरून सगळ्या शहराच्या पावसाळी गटारांचे पाइप ठरलेले. आणि दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, खालच्या आळीत दर पावसाळ्यात घराघरांतून गुडघाभर पाणी.

गटार विभागातल्या इंजिनिअरबाईंना हे काही पटेना. आजूबाजूच्या गावांतले जुने आकडे मागवून त्यांनी ते नकाशावर मांडले, तेव्हा डोंगराकडे सरकावं तसा पाऊस वाढत जातो हे उघड दिसलं. पण ते आकडे दिवसभराच्या पावसाचे. गटार तुंबतं ते दिवसभराच्या रिपरिपीने नव्हे. अर्ध्या तासात जो धो धो कोसळतो, त्याने. तो आजवर कुणी मोजलाच नव्हता. साहेबांच्या मागे लागून लागून बाईंनी काही पर्जन्यमापकं मिळवली आणि डोंगराकडच्या घरांच्या गच्च्यांवर बसवली. वरून नुसती उघड्या तोंडाची नळकांडी दिसायची. आत एक चिमुकलं पारडं. ते पाण्याने भरलं की कलंडायचं आणि प्रत्येक कलंडण्याची खबर थेट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायची.

खालच्या आळीतली गच्ची घड्याळवाल्या काकांची. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस मशीन बघूनच खूश झाला. घरी ते आणि काकू, दोघंच. काकूंना बरं नसतं, त्या आत पडल्यात, एवढंच काका म्हणाले. बाईंनीही जास्त विचारलं नाही.

पावसाळा सुरू झाला आणि हे मशीन वेड्यासारखं वागायला लागलं. सकाळी लख्ख ऊन पडलेलं असताना काकांच्या गच्चीवर पाऊस. बाकीची यंत्रं कोरडी ठणठणीत, आणि इथे एक जोरदार सर येऊन थांबलेली. बाईंना आधी वाटलं, पक्षी असतील. मग वाटलं, वायरिंग गेलं. आतलं पारडं बदलून घेतलं, तरी तेच. साहेब म्हणाले, ते मशीन थापा मारतंय, काढून आणा आणि विषय मिटवा.

बाई एका सकाळी न कळवता गेल्या. दार उघडंच होतं. काका मोरीत होते, म्हणून त्या सरळ जिना चढल्या. गच्चीवर पांढऱ्या केसांची एक बारीकशी म्हातारी हातात झारी घेऊन मशीनच्या तोंडात पाणी घालत होती. अगदी सावकाश, मातीला धक्का लागू नये अशा बेताने.

तिने वळून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही वेळ झाली यायची? धर ही झारी. आणि एकदम ओतू नकोस, मुळं उघडी पडतात."

बाईंनी झारी धरली. आपण आपल्याच मशीनमध्ये पाणी घालतोय हे कळत असूनही त्या घालत राहिल्या. मागून काका धापा टाकत वर आले आणि दारातच थबकले.

खाली स्वयंपाकघरात चहा झाला. इथल्या फ्रिजखाली, कपाटांखाली विटा लावलेल्या होत्या. काका कपाकडेच बघत बोलत होते. काकूंची रोपवाटिका होती, हाताखाली कामाला मुली असायच्या, पुष्कळ वर्षं चालली. मग काकूंना विसर पडायला लागला. आधी गिऱ्हाइकं, मग रोपांची नावं, मग शेजारीपाजारी. गच्चीवरच्या कुंड्या आजारपणात वाळून गेल्या आणि त्यांनी वर जाणंच सोडलं. मशीन बसवल्यावर एक दिवस त्या आपणहून वर गेल्या. हे नळकांडं म्हणजे कुंडी, यातलं रोप अजून उगवलेलं नाही, याला जपायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. काकांनी शेजारी खरी कुंडी आणून ठेवली, तर तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," काका म्हणाले. "तिला माझं नावसुद्धा आठवत नाही आता. पण सकाळी उठून वेणी घालते, झारी भरते आणि वर जाते. दिवसभरात स्वतःहून एवढंच करते. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मशीन नेलं असतं."

बाईंना राग आलाच. या आकड्यांवर अख्ख्या आळीचे पाइप ठरणार आहेत, हे त्यांनी जरा कडक आवाजातच सांगितलं. काकांनी मान हलवली. पाणी आमच्याही घरात शिरतं, म्हणाले. मग हळूच म्हणाले, की आजच घेऊन जा.

बाई मशीन न घेताच परतल्या. ऑफिसात त्यांनी सगळ्या नोंदी पुन्हा उघडल्या. काकूंचं पाणी नेहमी सकाळचं. ते एकदम सुरू व्हायचं आणि एकदम थांबायचं. या भागातला खरा धुवांधार पाऊस दुपार कलल्यावर, ढग डोंगरावर चढले की मगच यायचा. बाईंनी त्या यंत्राच्या सकाळच्या नोंदी झाडून सगळ्या काढून टाकल्या आणि का काढल्या तेही अहवालात सरळ लिहिलं. साहेबांनी वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, गच्चीवर आजीबाई पाणी घालतात, हे मी वरती सांगू?"

"सांगा, सर. सकाळ गेली, पण दुपार शाबूत आहे."

दुपारचे आकडे बोलके होते. खालच्या आळीत एका सरीत जेवढं पाणी पडायचं, तेवढं सोसण्याची त्या पाइपांची ऐपतच नव्हती. दुसरा पावसाळाही मोजून पाहिला, तसंच निघालं. त्या मोजणीसाठी खरं यंत्र बाईंनी शेजारच्या शाळेच्या गच्चीवर हलवलं होतं. काकांच्या गच्चीवर त्याच जागी, त्याच उंचीवर, एका मोडक्या मशीनचं रिकामं नळकांडं बसवलं. तळाला भोकं पाडली, म्हणजे पाणी साचायला नको. स्क्रू त्यांनी स्वतः पिळले. काका बाजूला पाना धरून उभे होते आणि मधूनच बाहीला डोळे पुसत होते. काकूंना फरक कळला नाही. फक्त नव्या मुलीचा हात आता बसला, असं त्या म्हणाल्या.

जाडजूड पाइप आले, गल्ली खणली गेली, धुळीने सगळी आळी वैतागली. काकाही तक्रार करायला ऑफिसात येऊन गेले. बाईंनी त्यांना चहा पाजला.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं आणि डोंगरावरून पाऊस कोसळत खाली आला. बाईंना ऑफिसात बसवेना. त्या आळीत पोचेपर्यंत छत्री उलटी होऊन गेली होती. गटाराच्या जाळीपाशी उभं राहून त्यांनी पाहिलं: रस्त्यावरून लोंढा येत होता आणि गडगडत आत जात होता. घोट्याच्या वर पाणी चढलं नाही. लोक दारात उभे राहून बघत होते.

काकांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. फरशी कोरडी होती. काकू आतून टॉवेल घेऊन आल्या, बाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्यांचे केस खसाखसा पुसायला लागल्या.

"एवढ्या पावसात कुणी पाठवलं गं तुला?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "माझी मीच आले."

"मग पाऊस ओसरेपर्यंत हलायचं नाही," काकूंनी बजावलं, आणि कानामागचं पाणी टिपायला त्या आणखी जवळ सरकल्या.