तीन बोटं जागा

परत आलेल्या पेटीचं झाकण मोक मिस्त्रींनी पाना लावून उचकटलं आणि उलटं करून खिडकीपाशी नेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला आखूड पिवळट केस चिकटले होते. कुत्रा आत उभा राहिला होता आणि त्याचं डोकं वर घासलं होतं. बाहेरच्या बाजूला लाल चिठ्ठी होती: उंची अपुरी, पेटी नामंजूर. तीन आठवड्यांत ही दुसरी वेळ. पहिली पेटी अजून दाराशी उभी होती आणि येणारा जाणारा तिला अडखळत होता.

क्वाइ चुंगच्या त्या कारखान्यांच्या इमारतीत मिस्त्रींनी चाळीस वर्षं काढली होती. आधी नव्या नवरीच्या कापराच्या लाकडाच्या पेट्या, मग दुकानांची कपाटं, आणि गेली दोन वर्षं फक्त विमानातून जाणाऱ्या कुत्र्यामांजरांचे पिंजरे. लोक शहर सोडून चालले होते आणि जनावरं बरोबर नेत होते. या दोन पेट्यांआधी त्यांच्या हातची वस्तू कधी परत आली नव्हती. शेजारच्या गाळ्यातल्या रंगाऱ्याने सकाळीच विचारलं होतं, मिस्त्री, चष्मा बदलायचा झाला का. ते हसले नव्हते.

दुपारी पेटी मागवणाऱ्या हेइतुंगचा फोन आला. ती इस्पितळात परिचारिका होती, पाळी संपवून बसमधूनच बोलत होती, आणि बसमधल्या लोकांची पर्वा न करता ओरडत होती. नवरा आणि मुलगी लोकयी गेल्या सप्टेंबरपासून मँचेस्टरला. जूनच्या एक तारखेला तिला तिथल्या इस्पितळात रुजू व्हायचं. इंग्लंडात कुत्रा उतरवायचा तर विमानाच्या पोटातून, मालाच्या कागदांवरच. मांडीवर घेऊन जायची सोय नाही. आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात त्या पोटात श्वास पुरत नाही म्हणून पंधरा मेपासून सप्टेंबर संपेपर्यंत कंपनी त्यांना घेतच नाही. आज सहा तारीख. दुसरी कंपनी घेते, पण ती म्हणते बारा वर्षांचा कुत्रा नको. तिसरी म्हणते आधी कुत्रा पाठवा, माणसं मागाहून. हे सगळं तिने मिस्त्रींना चौथ्यांदा सांगितलं, जणू नियम त्यांनीच केले होते.

मिस्त्री म्हणाले, मी कागदावर आलेल्या मापाने कापतो. मापं तुमच्या घरून आली.

मापं आईने घेतली होती, ती म्हणाली. तिला स्वतःला वेळ कुठे होता. आणि आई म्हणते, आमच्या कुत्र्याशिवाय, दाइफुकशिवाय मी हलणार नाही. म्हणजे पेटी झाली नाही तर आईही राहिली.

"उद्या मी स्वतः येतो," मिस्त्री म्हणाले, आणि तिने आभार मानायच्या आत फोन ठेवला.

चोइ हुंगच्या सरकारी वसाहतीतलं नवव्या मजल्यावरचं हेइतुंगचं घर दोन खोल्यांचं होतं आणि अर्धं रिकामं झालेलं होतं. भिंतींवर कपाटांचे चौकोन उमटले होते. फक्त तिच्या आईच्या, थामबाईंच्या खाटेच्या बाजूचं सगळं जिथल्या तिथे होतं: थर्मास, औषधांचे डबे, खिडकीतल्या कुंड्या. थामबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बारीक, ताठ बसणाऱ्या. दाइफुक त्यांच्या पायाशी पसरला होता, छाती रुंद, तोंड मुडपलेलं, श्वास असा की स्वयंपाकघरात कुणीतरी किटली ठेवून विसरलं आहे असं वाटावं.

हेइतुंग स्वयंपाकघरात उभी राहून कुत्र्याचे कागद करणाऱ्या दलालाशी फोनवर भांडत होती. रक्ततपासणीचा कागद पोचला होता, पण त्यावरचा शिक्का निळा हवा होता की काळा, यावरून.

मिस्त्रींनी कुत्र्याला भिंतीशी उभं केलं आणि डोक्यापासून जमिनीपर्यंत फीत सोडली. थामबाई न सांगता पुढे आल्या आणि वरचं टोक त्यांनी धरलं.

"बावन्न," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं. चोपन्न सेंटिमीटर होते. त्यांनी थामबाईंच्या हाताकडे पाहिलं. फितीचं टोक तर्जनीच्या पेराला अडकवलेलं, अंगठ्याचं नख बरोबर रेघेवर. अशी फीत धरायला माणसाला वर्षं लागतात.

"कामाला कुठे होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

थामबाईंनी फितीचं टोक सोडलं. स्वयंपाकघरातून फोनवर हात ठेवून हेइतुंगनेच सांगितलं की आई सान पो कोंगच्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती, एकतीस वर्षं, हजार कॉलर कापले तरी एक दुसऱ्यापेक्षा उणा नसायचा. हे तिने कौतुकाने सांगितलं आणि पुन्हा शिक्क्याकडे वळली.

मिस्त्रींनी वहीत चोपन्न लिहिलं. लिहिताना वही मुद्दाम थामबाईंना दिसेल अशी धरली. मग नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, मग खांद्यांची रुंदी, मग पुढच्या पायाचं कोपर. बाकीच्या मापांना थामबाई एकदाही बोलल्या नाहीत.

त्यांना पोचवायला त्या लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्ट आली तरी मिस्त्री आत शिरले नाहीत.

"पहिल्या कागदावर एकोणपन्नास होतं. दुसऱ्यावर एक्कावन्न."

"कुत्रा हलतो."

"कुत्रा हलला तर माप कधी जास्त येतं, कधी कमी. तुमचं तिन्ही वेळा कमीच आलं."

लिफ्टचं दार मिटलं. थामबाईंनी मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं. आतून हेइतुंगचा आवाज येतच होता.

"मी तिला सांगून पाहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नवीन वर्षाच्या जेवणाला सांगितलं, नंतरही दोनदा सांगितलं. मला नाही यायचं. ती म्हणते, आई, तिथे घरभर गरम ठेवायचं यंत्र आहे. ती म्हणते, तिथे पण आपला भाजीबाजार आहे. माझ्या तोंडचं 'नाही' तिला ऐकूच येत नाही, मिस्त्री. विमान कंपनीचं 'नाही' तिला ऐकू येतं."

"आणि माझं काय? चाळीस वर्षांचं नाव आहे माझं. शेजारचा पोरगा मला चष्म्याचं विचारतो."

"तुमचं नुकसान होतंय ते मला दिसत होतं." थामबाईंनी नजर चुकवली नाही. "दुसरं काही सुचलं नाही."

असं सरळ उत्तर आल्यावर भांडणाला धरायला काही उरलं नाही, आणि त्याचाच मिस्त्रींना जास्त राग आला. ते म्हणाले, "मी पेटी बरोबर करणार. मला चुकीची करता येत नाही."

"करा. तुमचं काम तुम्ही करा."

चार दिवस त्यांनी दुसरं काम हाती घेतलं नाही. चांगलं जाड प्लायवूड आणलं, चारी बाजूंना जाळी, कारण चपट्या नाकाच्या कुत्र्याला तीन बाजूंची हवा चालत नाही, आणि सगळीकडून दहावा हिस्सा जास्त जागा. काम करता करता ते सगळ्यांवर चिडत होते. आईचं न ऐकणाऱ्या मुलीवर, मुलीशी न बोलता फितीशी खोटं बोलणाऱ्या आईवर, शिक्क्याच्या रंगावरून दिवस खाणाऱ्या दलालावर, आणि देवाने नाकच न दिलेल्या त्या कुत्र्यावर. एका संध्याकाळी उभ्या फळीवर त्यांनी पेन्सिलने रेघ मारली आणि करवतीचं बटण न दाबता बराच वेळ उभे राहिले. रेघ तीन बोटं खाली होती. खाली कापलं असतं तर सगळं म्हातारीच्या मनासारखं झालं असतं, आणि त्यांना फक्त चष्मा बदलावा लागला असता. मग त्यांनी ती रेघ पुसली. पुसताना फळीवर डाग पडला, तो त्यांनी कानस घेऊन घालवला.

तेरा तारखेला दुपारी तिघं आणि कुत्रा मिस्त्रींच्याच टेंपोतून लानतावच्या विमानतळावरच्या माल टर्मिनलला गेले. एवढी पेटी टॅक्सीत मावणार नव्हती. मागे पेटीच्या बाजूला तीन बॅगा होत्या; कुत्रा सोपवून मायलेकी तशाच प्रवाशांच्या इमारतीकडे जाणार होत्या, संध्याकाळचं विमान होतं, आणि दाइफुक त्याच विमानाच्या पोटात.

तिथला अधिकारी तरुण होता आणि त्याला कशाचीच घाई नव्हती. त्याने आधी भिंतीवरचं तापमान पाहिलं. साडेएकोणतीस. तीसच्या वर गेलं तर आज घेता येणार नाही, तो म्हणाला. हेइतुंग दारापाशी जाऊन सूर्यावर आलेल्या ढगाकडे बघत उभी राहिली, जणू डोळ्यांनी तो धरून ठेवणार होती. अधिकाऱ्याने बॅटरीचा उजेड पाडून जाळी पाहिली, खिळे चाचपले, दाइफुकला आत उभं केलं आणि त्याच्या डोक्यावर आपला हात आडवा घातला. तीन बोटं सहज गेली, चौथंही गेलं.

"कुणी बनवली?"

मिस्त्रींनी स्वतःकडे बोट केलं.

मग कागद आला. वाटेत जनावर दगावल्यास कंपनी जबाबदार नाही. कुत्र्याचा परवाना थामबाईंच्या नावावर होता, म्हणून सही त्यांची लागणार होती. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: आत अंधार असेल, तेरा तास कुणाला जाऊन बघता येणार नाही, वय आणि जात पाहता धोका आहे हे मालकाला सांगितलेलं आहे.

थामबाईंनी पेन हातात धरलं. मिस्त्रींना वाटलं, आता त्या पेन खाली ठेवतील. इथे नाही म्हणायला जागा होती, कागदावर छापलेलीच होती. हेइतुंग ओठ दाबून उभी होती.

त्यांनी सही केली. नेहमीपेक्षा जरा मोठी, प्रत्येक अक्षर सुटं. मग खाली बसून त्यांनी आपला एक जुना सुती सदरा पेटीत दाइफुकच्या पोटाखाली सरकवला आणि त्याच्या कपाळाच्या घडीत बोट फिरवलं. ढकलगाडी पेटी घेऊन पट्ट्यांच्या पडद्याआड गेली. त्याच्या श्वासाचा तो किटलीचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला.

बाहेर मिस्त्रींनी टेंपोचं मागचं दार उघडलं. हेइतुंगचा चेहरा कित्येक आठवड्यांनी मोकळा झाला होता. तिने आपल्या दोन बॅगा उतरवल्या आणि तिसरीला हात घातला.

"माझी राहू दे," थामबाई म्हणाल्या.

"जड नाहीये, आई."

"राहू दे, हेइतुंग. तू जा. तिकडे दाइफुकला उतरवून घ्यायला कुणीतरी हवं. लोकयीला पण त्याची आठवण येते, दर रविवारी फोनवर आधी त्यालाच विचारते."

हेइतुंगने बॅगेचा पट्टा सोडला नाही. "त्याच्याशिवाय हलणार नाही म्हणाली होतीस."

"हो. त्याला एकटं टाकून मी कुठे जाणार नव्हते. आता तो तुझ्याबरोबर आहे."

"आणि घर? सोडायचा अर्ज दिलास ना?"

"नाही दिला."

ट्रक एकामागून एक वळून जात होते. हेइतुंगने आईकडे पाहिलं, पडद्याच्या दिशेला पाहिलं, घड्याळ पाहिलं. कुत्रा आत गेला होता, आणि कुणीतरी त्याच्या मागे जायलाच हवं होतं. मग ती मिस्त्रींकडे वळली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

मिस्त्रींचा हात अजून दारावर होता. "मला मापं ठाऊक होती," ते म्हणाले.

ती रडली ती रागाने रडली. आईला तिने मिठी मारली नाही. दोन्ही बॅगा ओढत ती प्रवाशांच्या बसकडे चालू लागली. एका बॅगेचं चाक अडकत होतं, तिला तिने दोनदा लाथ मारली. बस आली आणि ती चढली.

परतीच्या वाटेवर थामबाई मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या. मिस्त्रींना वाटत होतं काहीतरी सुनवावं, म्हणावं की हे सुरुवातीलाच घरात ठामपणे बोलला असता तर दोन पेट्या वाचल्या असत्या आणि पोरगीही. पण त्या पोरीला ते ऐकू आलं असतं का, हे त्यांना सांगता येईना, आणि म्हणून ते गियर जोरात टाकत राहिले.

त्सिंग मा पुलावर मिस्त्रींचा फोन वाजला. हेइतुंग. थामबाईंनी आपला फोन सकाळपासून बंद ठेवला होता. तो वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.

"घ्या ना," थामबाई म्हणाल्या.

"मी गाडी चालवतोय," मिस्त्री म्हणाले, आणि फोन उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

थामबाईंनी तो आधी लांब धरला, मग कानाला लावला. फोनमधून आधी फक्त विमानतळाच्या सूचना ऐकू येत होत्या.

"नाही," अखेर त्या म्हणाल्या. "अजून नाही जेवले."

मग थोड्या वेळाने: "हो. पेज घेईन कुठेतरी. तू खाल्लंस का काही?"

मिस्त्रींनी टेंपो डाव्या बाजूच्या संथ रांगेत घेतला. मागचे ट्रक भोंगे वाजवत पुढे निघून गेले, तरी त्यांनी वेग वाढवला नाही.