तिसरी गृहभेट

एकोणीसशे त्र्याण्णव साली इंदूरच्या मिलभागातल्या चाळीत मी शिरले की बायका आपापल्या पोरांना हाका मारून आत घ्यायच्या. मी परिवीक्षा अधिकारी. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाच्या घरी जायचं, घर कसं आहे ते बघायचं आणि बाल न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे माझं सरकारी काम. मुलाला घरी सोडायचं की तीन वर्षांसाठी विशेष गृहात पाठवायचं, हे मॅजिस्ट्रेट ठरवायचे, पण ठरवायचे माझा कागद बघून. सांवेरपासून बेटम्यापर्यंत सगळा जिल्हा माझ्या एकटीच्या गळ्यात होता. खात्याची एकुलती एक जीप बहुतेक वेळा गॅरेजात असायची, म्हणून मी टेम्पोने हिंडायचे.

नोकरीला लागले तेव्हा मला मुलांची नावं पाठ असायची. मिल बंद पडल्यावर फायली इतक्या वाढल्या की नावं सुटली, नुसते नंबर राहिले. आई एकदा म्हणाली, "सुहास, तुला वाईट नाही वाटत गं?" मी म्हटलं, वाटायला वेळ कुठे आहे. खरं तर वेळ होता. वाटणंच बंद झालं होतं.

अहवालात रकाने पुष्कळ, पण मॅजिस्ट्रेट बघायचे तो एकच: दिवसभर मुलावर लक्ष ठेवायला घरी कोणी आहे का?

त्या मार्चमध्ये शेजारी-शेजारी राहणारी दोन पोरं बंद मिलमधून तांब्याची तार काढताना पकडली गेली. दोघंही दुसऱ्यांदा. एक मालोजीचा शाम, दुसरा कचरूचा ज्ञानदीप. दोघांचे बाप त्याच मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होते आणि एकाच दिवशी घरी बसले.

शामच्या घरी गेले तेव्हा मालोजी बनियनवर खाटेवर बसला होता. उठलासुद्धा नाही.

"बेकार आहे मैडम. पूरा दिन इथेच पडलेला असतो. अजून काय सांगू?"

मी लिहिलं: वडील दिवसभर घरी असतात, देखरेख शक्य. शाम आठवड्यात घरी आला.

ज्ञानदीपच्या घरी त्याची आई मंजुळा भेटली. खोली लख्ख होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी महूच्या पलटणीतल्या आजोबांचा फोटो. मंजुळा एका नर्सिंग होममध्ये आया होती आणि निघायच्या घाईत होती.

"ज्ञानदीपचे बाबा ड्यूटीवर गेले, मैडमजी. पोलोग्राउंडला लागले ना एका कारखान्यात. सुबे सातला निघतात, सांजचे सात वाजतात यायला."

"मग घरी कोण असतं?"

ती गडबडली. "असं कोणी नाही. पण पगारी आहेत ते आता," असं तिने दोनदा सांगितलं.

नियम तीन भेटींचा. दुसऱ्या भेटीतही कचरू ड्यूटीवर होता. तिसऱ्या भेटीलाही तेच ऐकून मी टेम्पोकडे निघाले. वाटेत मिलच्या मागे एक बगीचा लागतो. तिथल्या बाकावर कचरू बसला होता. मुलगा पकडला गेला त्या दिवशी तो, पकडलेली पोरं ठेवतात त्या संप्रेक्षण गृहात आला होता, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता. कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, पॉलिश केलेले बूट, मांडीवर डबा. सकाळचे अकरा वाजले होते. आमची नजरानजर झाली. त्याने मान फिरवली आणि मीही फिरवली.

कारखाना कुठलाच नव्हता, हे कळायला फार अक्कल लागत नाही. बेकार बापाच्या ताब्यात पोरगा देत नाहीत, हा सल्ला कोर्टाबाहेरचे टायपिस्ट फुकट वाटायचे. बिचारा तो ऐकून रोज सकाळी घराबाहेर पडत होता. आणि मुलगा मिळायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे शेजारच्या मालोजीसारखं घरी बसून राहणं.

मागे फिरून दोन शब्द बोलले असते तर पाच मिनिटं गेली असती. मी गेले नाही. ऑफिसात येऊन लिहिलं: वडील सात ते सात कामावर, आईही नोकरीत, देखरेख नाही. मनाशी म्हटलं, माणसाची लाज राखली. साफ खोटं. चौथी भेट करायचा मला कंटाळा आला होता.

सुनावणीला कचरू तोच शर्ट घालून आला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "काम करते हो?"

"जी साब. परमानेंट होने वाला हूँ," तो ताठ उभा राहून म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी माझा कागद उलटला आणि हुकूम सांगितला. तीन वर्षं, विशेष गृह, दुसऱ्या जिल्ह्यात. ज्ञानदीप आईकडे बघत राहिला. शिपायाने त्याला मागच्या दाराने नेलं. मंजुळा भिंतीला टेकून खाली बसली.

बाहेर व्हरांड्यात कचरू माझ्याजवळ आला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मैडमजी, त्या दिवशी बगीच्यात... तुम्ही मला बघितलं होतं ना?"

तो काय सांगायला आला होता, ते मला कळलं होतं. हो म्हटलं असतं तर त्याने सगळं सांगून टाकलं असतं. फेरचौकशीचा अर्ज देता येत होता, मी आधी दोनदा दिलाही होता. पण अर्जात लिहावं लागलं असतं की मी बघितलं होतं आणि तरी खोटं लिहिलं.

"कधी? मी कोणाला नाही बघितलं," मी म्हणाले.

 त्याने मान हलवली, शर्टाची कॉलर नीट केली आणि भेटायला कधी जाता येतं ते विचारलं.

"महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"रविवार ठीक राहील," कचरू म्हणाला. "रविवारी सुट्टी असते मला."