नीलकंठकडे राहिलेली तबकडी

मित्रांनो, जेवणाच्या ताटाएवढी काळी तबकडी तुम्ही कधी हातात धरली आहे का? मी तशीच एक आहे. पन्नाशी केव्हाच उलटली माझी. अंगावर केसासारख्या बारीक रेघा आहेत आणि त्यांतून सुई फिरली की पाच माणसे वाजवू लागतात. दूर अमेरिकेत, एका दुपारी, एकाच खोलीत बसून त्यांनी ऑर्गन, सॅक्सोफोन, गिटार आणि तालवाद्ये वाजवली. प्रार्थनेच्या गाण्यांतला जिव्हाळा आणि नाचायला लावणारा ठेका, दोन्ही माझ्यात उतरले. जाणकार याला सोल जॅझ म्हणतात. ठेका आणखी ठसकेबाज झाला की फंक.

कोलकात्याच्या एका दुकानात मी धूळ खात पडले होते. तिथून वनमालाताईंनी मला रायपूरला आणले. त्या रेल्वेत होत्या. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा व्हायच्या, तो आवाज त्यांचा. दिवसभर हजारो लोकांशी बोलायच्या आणि तेलीबांधा भागातल्या घरी परतल्या की बोलायला कोणी नसे. लग्न केले नव्हते. घरात आम्ही तबकड्याच.

आमच्यातल्या ऐकण्यासारख्या कोणत्या, याची यादी त्यांनी एका वहीत केली होती. एकीपुढे लिहिले होते, 'गिटार कोथिंबीर चिरल्यासारखी. स्वयंपाक करताना लावू नये, बोट कापते.' दुसरी भर कार्यक्रमात मुद्रित झालेली. तिच्यापुढे, 'मध्येच कोणाचा तरी ग्लास फुटतो. तेवढ्यासाठीही ऐकावी.' माझ्यापुढे चारच शब्द होते, 'नवख्या माणसाला आधी ही.' मला त्याचा फार अभिमान वाटे.

असा नवखा माणूस एकच आला, नीलकंठ. पार्सल ऑफिसातला बाबू, मूळचा गोंदियाकडचा, राहायला गुढियारीत. एका रविवारी ऑफिसचे कागद द्यायला आला. मी वाजत होते. तो दारातच खिळला.

"ताई, हे काय लावलं तुम्ही? मले जाऊच देऊन नाही राहिलं."

"मंग बस. बोलू नको मात्र."

त्यानंतर बारा वर्षे तो दर रविवारी चार वाजता येई. चहा व्हायचा, पोहे व्हायचे. दोघे फारसे बोलत नसत. एक बाजू संपली की कोणीतरी उठून तबकडी उलटायचे.

नीलकंठची बायको पद्मिनी गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नसे. "तुम्ही दर रविवारी काय ऐकता, मले बी ऐकवा ना," असे ती एकदा म्हणाली, म्हणून त्याने मला मागून नेले. ताईंनी आपली तबकडी कोणाला दिल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी कव्हरावर स्वतःचे नाव लिहिले आणि मला त्याच्या हाती दिले.

नीलकंठने कुठून तरी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. पहिली बाजू छान झाली. पद्मिनी डोळे मिटून हसत होती. बाजू संपल्यावर सुई उचलताना त्याचा हात निसटला आणि माझ्या अंगावर आडवा ओरखडा उठला.

"ताईले सांगून द्या. त्या काही बोलणार नाहीत," पद्मिनी म्हणाली.

"हव, सांगतो."

त्याने सांगितले नाही. पुढच्या रविवारी तो गेलाच नाही. ताईंचा फोन आला तेव्हा म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. असे तीनदा झाले. मग फोन येणे थांबले.

मी लोखंडी कपाटात गेले. पद्मिनीच्या शालूच्या मागे, भिंतीला टेकून. जवळच्या यार्डात मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळत, तेवढाच ताल माझ्या कानी येई. रविवारी दुपारी नीलकंठ कधी कधी कपाट उघडायचा, कव्हरावरचे नाव बघायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. पाच वर्षांनी पद्मिनी गेली. वनमालाताई भेटायला आल्या. कपाटाच्या दाराआडून मी तो आवाज ओळखला. "जेवत जा वेळेवर," एवढेच त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी माझा विषय काढला नाही. नीलकंठला वाटले, राग अजून आहे.

या हिवाळ्यात त्याची सून पूर्णिमा कपाट आवरत होती. "बाबा, हे वनमाला कोन?" तिने विचारले. नीलकंठने सगळे सांगून टाकले.

"एवढ्यासाठी? ग्यारह साल?" ती म्हणाली. "तुम्ही जाता का मी जाऊ?"

तो गेला. कापडी पिशवीत मला घेऊन, ऑटोने. ताईंनी दार उघडले. केस पांढरे झाले होते, हातात काठी होती. नीलकंठ उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, माह्या हातून खराब झाली ही. तवाच."

ताईंनी पिशवीतून मला बाहेर काढले. मग म्हणाल्या, "आन् मले वाटलं, लोक काही बोलले असतील तुले. मी एकटी राहाते ना. म्हणून मी फोन करणं बंद केलं."

त्यांनी मला पुसून लावले. ऑर्गन सुरू झाला. ओरखड्याची जागा जवळ आली तशी मी भेदरले. सुई तिथे आली आणि खाडकन उडाली. नीलकंठ कानामागे हात धरून पुढे वाकला होता.

"ताई, आला का तो ओरखडा?"

तेव्हा मला कळले. त्याला ऐकू आलेच नव्हते. ताईंनी त्याच्याकडे पाहिले.

"नाही आला," त्या म्हणाल्या. "ऐक तू." आणि आवाज वाढवला.

आता तो पुन्हा दर रविवारी येतो. ऑर्गन त्याला ऐकू येतो, सॅक्सोफोनचे वरचे सूर येत नाहीत. ते आले की ताई बोट वर करतात आणि तो मान डोलावतो.

मित्रांनो, आम्हांला कडेने धरा, उभ्या ठेवा, सुई हळूच टेकवा. आणि कोणाची वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर त्याच आठवड्यात ती घेऊन त्यांच्या दारी जा. अकरा वर्षांत पावणेसहाशे रविवार येतात. माझ्या कोणत्याही बाजूवर सुई टेकवा, ते आता वाजायचे नाहीत.