दोनशे वीस ग्रॅम

उधवा गावच्या अंगणवाडीत वजनाचा काटा दाराच्या चौकटीला टांगलेला असे. खाली हूक, वर आकडे दाखवणारी छोटी काच. हुकाला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत बाळ. स्वप्ना दर पंधरवड्याला मुक्ताला घेऊन तिथं जाई, आणि घरी आल्यावर आलेखाच्या कागदावर एक ठिपका काढी.

बाळंतपणाच्या रजेवर असली तरी ती नववीची गणिताची मॅडम होती. दुसरा आठवडा, चौथा, सहावा, आठवा असे चार ठिपके झाले, आणि पट्टी ठेवली तर चारही एका रेषेत! आठवड्याला एकशे ऐंशी ग्रॅम. तिनं कागदाच्या कोपऱ्यात समीकरणही लिहिलं: वजन म्हणजे एकशे ऐंशी गुणिले आठवडे, अधिक तीन हजार दोनशे. त्या दिवसापासून तिला शांत झोप लागू लागली. आपलं दूध पोरीला पुरतंय की नाही, ही धास्ती रेषेनं मिटवली होती.

दहाव्या आठवड्यात रेषा म्हणत होती पाच किलो. काट्यानं दाखवले चार किलो सातशे ऐंशी.

पंधरा दिवसांत फक्त एकशे चाळीस ग्रॅम. स्वप्नानं रात्रीची दुधं मोजली, ओले लंगोट मोजले, मुक्ताच्या मनगटाची वळी बोटानं चाचपून पाहिली. पोरगी मजेत हसत होती. हसण्यावर कोण विश्वास ठेवतो?

डहाणूहून सासूबाई, सरलाबाई, परतल्या, त्यांनी ऐकलं आणि निकाल देऊन टाकला. "दूध कमी पडतंय गं. लाजायचं काय त्यात? ललितलाही मी नाही पुरले." सरलाबाईंनी लेकाला फोनही केला. ललित तलासरीच्या शाळेत मास्तर. शाळा सुटल्यावर येताना पावडरीचा डबा आण म्हणून त्याला सांगून झालं.

"आई, आज एकदा परत वजन करते. मग बघू," स्वप्ना म्हणाली. पंधरवडा व्हायला अजून आठवडा होता, पण तिला थांबवेना. सरलाबाई पिशवी घेऊन बरोबर निघाल्या.

अंगणवाडीताई नवशी डाळ निवडत होती. "मॅडम, तुमचा वार आज नाय ना?"

"नाही, पण करा ना ताई."

मुक्ता वाटेतच निजली होती, स्वप्नाच्या ओढणीत. सरलाबाईंनी पिशवीत हात घातला, पण नवशीनं अडवलं. "निजलेलं पोर कशाला हलवता, आजी? ओढणीचीच गाठ मारते."

काटा हलला, थरथरला, थांबला. चार किलो नऊशे साठ.

"अजून कमीच की," सरलाबाई म्हणाल्या. "बघ, रेषेवर नाहीच."

स्वप्ना मनात वजाबाकी करत होती. सातशे ऐंशीवरून नऊशे साठ. एकशे ऐंशी. बरोबर एका आठवड्याचे. म्हणजे चढ तोच. वर्गात ती फळ्यावर दोन समांतर रेषा काढून विचारायची, ह्यांत सारखं काय आणि वेगळं काय? मागच्या बाकावरचा मिथुनसुद्धा सांगायचा, "मॅडम, तिरकेपणा सेम, सुरुवात खाली."

वाढणारं होतं ते वाढतच होतं. घसरलं ते न वाढणारं. मग काट्यावर मुक्ताशिवाय असं काय होतं, जे आठ आठवडे होतं आणि आता नाही?

तिची नजर सासूबाईंच्या हातातल्या घडीवर गेली. जुन्या लुगड्याची चौपदरी शिवलेली झोळी. दुसऱ्याच्या झोळीत आपलं पोर घालायचं नाही, दृष्ट लागते, म्हणून पहिल्या वजनापासून सरलाबाई ती घरून आणत. मागच्या खेपेला त्या डहाणूला होत्या आणि स्वप्नानं हाताशी आलेली ओढणी घेतली होती.

"ताई, तुम्ही काटा शून्यावर कधी आणता?"

"हूक रिकामा असतो तवा. झोळी तर तुमची तुम्ही आणता."

मुक्ताला मांडीवर घेऊन स्वप्नानं आधी ओढणी टांगायला लावली. शंभर. मग लुगड्याची झोळी. तीनशे वीस.

"फरक दोनशे वीस," ती म्हणाली. पाच हजारांतून दोनशे वीस गेले की चार हजार सातशे ऐंशीच उरतात. पोरीचं काहीच कमी झालं नव्हतं.

सरलाबाईंनी झोळी हातात तोलून पाहिली. "म्हणजे दोन महिने आपण माझं लुगडंही बाळसं म्हणून लिहीत होतो?"

नवशी खो खो हसली, मग तिनं रजिस्टर पुढं ओढलं. "पण मॅडम, रजिस्टरात मागचे आकडे?"

"सगळे खोडू. पहिल्या चारांतून तीनशे वीस, ह्या दोनांतून शंभर." म्हणजे खरं वजन चार किलो आठशे साठ. मुक्ताच्या वाढीच्या कार्डावर नवशीनं बोट ठेवलं. ठिपका खाली आला, तरी निरोगी वाढीच्या हिरव्या पट्ट्यातच होता.

मुक्ता जागी झाली, तोंड वासून शोधू लागली. स्वप्ना भिंतीकडे वळून बसली आणि तिला ओढणीखाली घेतलं. पाठीमागे सरलाबाई फोनवर बोलत होत्या.

"ललित, डबा घेतलास का? नाही ना? मग नको घेऊस. ... अरे, काही झालं नाही. पुरतंय तिला."