मला लाल करणारा हात

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे आणि माझ्या डोक्यावरची पांढरी टोपी बुडापासून शेंड्यापर्यंत तडकलेली आहे. आज मी फक्त पांढरा उजेड देतो. एके काळी मला लाखो रंग येतात असं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. त्यातला एकच रंग माझ्या वाट्याला पुन्हा पुन्हा आला. त्याची गोष्ट सांगतो. ती गोड नाही, पण तुमच्यातल्या कुणाला तरी तिची गरज असेल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावर झाला. माझ्या पोटात एक चकती बसवली. तिच्यावर लाल, हिरवे, निळे आणि पांढरे ठिपके होते. शेजारी नखाएवढी चिप होती. हवेतून आलेला हुकूम ऐकायचा, हे तिचं काम. मग चाचण्या सुरू झाल्या. आम्हाला भट्टीसारख्या पेटीत तापवलं, विजेचे झटके दिले, काहींना उंचावरून फरशीवर आपटलं. माझ्या शेजारचा दिवा झटका न सोसून फटकन फुटला. तपासणारी बाई म्हणाली, "हा गेला. पुढचा घे." पुढचा मी होतो. मी टिकलो, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

ज्या घरात मी आलो ते तिसऱ्या मजल्यावर होतं. घरात तिघं जण राहत. बाबा मालाच्या एका मोठ्या गोदामात सुपरवायझर होते. आई घरीच कपडे दुरुस्त करायची. कुणाची चेन बदल, कुणाची पँट आखूड कर, अशी कामं. तिचं शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी होतं. मुलगी सात वर्षांची होती. तिचे पुढचे दोन दात मोठे होते, म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

बाबांनी एका रविवारी आम्हा पाच दिव्यांना खोक्यातून काढलं. मला होल्डरमध्ये फिरवून बसवलं, बटण पाच वेळा चालू-बंद केलं. मी भराभर लुकलुकू लागलो. त्यांच्या फोनने मला शोधलं, वाय-फायचा पासवर्ड मागितला आणि माझं नाव विचारलं. त्यांनी लिहिलं, "स्वयंपाकघर." मग फोनवर एक रंगीत चक्र आलं. खारू स्टुलावर चढून त्यावर बोट फिरवू लागली. मी जांभळा झालो, मग मोरपिशी, मग पिकल्या लिंबासारखा.

"बाबा, हा माझ्या बोटात आहे," ती म्हणाली.

"तुझ्या नाही, माझ्या फोनमध्ये," बाबा हसून म्हणाले आणि फोन काढून घेतला.

पुढचे काही दिवस पाहुण्यांना आम्हालाच दाखवलं जाई. लोक मान वर करून बघत, वा वा करत. मी सुखावून गेलो. मित्रांनो, कौतुकात आपण एक गोष्ट विसरतो. आपल्याला चालवणारा हात कसा आहे, ते बघायचं राहून जातं.

महिनाभरानंतर बाबांनी जेवताना नियम सांगितला. "गोदामात दारावर लाल लागला की सगळं थांबतं. फोर्कलिफ्टसुद्धा जागच्या जागी उभी राहते. या घरात तेवढीही शिस्त नाही. आता निघताना मी तिथूनच दिवा लावत जाईन. पिवळा असेल तर ठीक. लाल असेल तर मी आल्यावर कुणी तोंड उघडायचं नाही."

आईला ती थट्टा वाटली. "अहो, हे घर आहे की चौक?" ती म्हणाली.

त्यांनी ताटावरूनच हात उचलला. आईचा चष्मा उडून ओट्याखाली गेला आणि एक काच फुटली. खारूचा घास तोंडातच राहिला. बाबा पुन्हा जेवू लागले. मी वरून पांढरा, स्वच्छ उजेड देत होतो. त्या उजेडात आईच्या गालावर उमटलेली चार बोटं मोजता येत होती.

त्यानंतर संध्याकाळी सहाच्या सुमारास कधीही माझ्या चिपला हुकूम यायचा आणि मी लाल व्हायचो. लाल उजेडात पांढरा दोरा आणि लाल दोरा एकसारखे दिसतात. आईचं शिवण तिथेच थांबायचं. खारू वह्या दप्तरात कोंबायची, खेळ पलंगाखाली सारायची आणि आईच्या मागे जाऊन उभी राहायची. मग जिन्यात बुटांचा आवाज यायचा. कधी चहा गार असायचा, कधी दार उघडायला उशीर झालेला असायचा. काहीच नसलं तर आईचा चेहरा पडलेला असायचा आणि तेवढंही कारण पुरायचं. त्यांनी तिला पट्ट्याने मारलं. चार्जरच्या वायरीने मारलं. एकदा केस धरून तिचं डोकं शिवणयंत्रावर आपटलं. तिच्या भुवईतून आलेलं रक्त कुणाच्या तरी शाळेच्या शर्टावर सांडलं. तिने तो शर्ट तीन वेळा धुतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज वरून पाहत होतो.

मला वाटायचं, जळून जावं. पण मी टिकाऊ निघालो होतो.

आणखी एक गोष्ट आईला कोड्यात टाकायची. ती दुपारी शेजारणीकडे दहा मिनिटं बसून आली तरी बाबांना ते कळायचं. "अडीचला स्वयंपाकघरात नव्हतीस. कुठे होतीस?" ते विचारायचे. तिला वाटायचं, भिंतींना कान फुटलेत. म्हणून मग ती खिडकीपाशी गप्प बसून राहायला लागली. शेजारीण दार वाजवून परत जायची.

अशी दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी बाबांनी आईच्या दिशेने तवा भिरकावला. तो तिच्या कानाला घासून भिंतीवर गेला आणि बटणांचा बोर्ड फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमनकाका आले. साठीकडे झुकलेला माणूस, खिशाला टेस्टर. या भागातल्या निम्म्या घरांत माझ्यासारखे दिवे त्यांनीच बसवले होते. काम करताना ते आपल्याशीच काहीतरी पुटपुटत राहायचे. त्यांनी नवा बोर्ड लावला, आणि मी नीट चालतो का ते बघायला बटण भराभर खाली-वर केलं. बाबांच्या फोनशी माझी जोडणी तुटली नाही, पण माझं जुनं वळण जागं झालं. मी एकेक रंग दाखवत गेलो. निळा, हिरवा, लाल.

खारू तेव्हा टेबलाशी गणितं करत होती. तिची पेन्सिल पडली. ती टेबलाखाली शिरली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून, गुडघ्यांत डोकं घालून बसली. काकांनी वाकून पाहिलं. तिचा फ्रॉक ओला झाला होता.

"काय झालं बाळा?"

"लाल झाला. बाबा येतील आता."

आई घाईघाईने म्हणाली, "तिला अंधाराची भीती वाटते हो काका."

"अंधार कुठे होता, ताई?" काका म्हणाले. त्यांनी आधी फुटक्या बोर्डाकडे पाहिलं, मग आईच्या कानाकडे. मग ते स्टुलावर बसले. "माझी धाकटी बहीण होती. तिच्या घरी मी असाच एकदा पंखा बसवायला गेलो होतो. हाताला पट्टी होती तिच्या. पडले, म्हणाली. मी चहा पिऊन परत आलो. पुढे विचारायचं म्हटलं तरी ती राहिली नव्हती. म्हणून तुम्हाला आताच विचारतो. कोण मारतं?"

 "बाबा," टेबलाखालून खारू म्हणाली.

मग आईने बाही वर केली. आईने विचारलं, "मी कुठे असते ते त्यांना कसं कळतं, हेच मला कळत नाही." काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा सांगतो. कधी लागला, कधी विझला, सगळं त्यांच्या फोनवर दिसतं. तुम्ही दिवा बंद करून बाहेर गेलात की त्यांना समजतं."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी नुसता साक्षीदार नव्हतो. मी चहाडखोर होतो.

ठरलं ते असं. गुरुवारी खारूची शाळा दुपारी एकला सुटते. तीन वाजता काका आपली गाडी घेऊन खाली येतील आणि दोघींना आईच्या भावाकडे पोचवतील. तिथून पोलिसांत जायचं. घरातला एकही दिवा बंद करायचा नाही. "दिवा जळत राहिला की तुम्ही घरातच आहात, असं त्यांना वाटेल," एवढं काका तिला समजावून गेले.

गुरुवारी पावणेतीनला आईने एका पिशवीत कपडे, कागद आणि आपली मोठी कात्री भरली. मी लख्ख पांढरा जळत होतो. ती खारूला म्हणाली, "चल." खारू माझ्याखालून निघाली आणि दाराशी पोचल्यावर, खोलीतून बाहेर पडताना दिवा विझवायचा, ही आईनेच लावलेली सवय तिच्या हातात आली. तिने बटण दाबलं. मी विझलो.

आईने धावत येऊन बटण पुन्हा दाबलं. मी उजळलो. क्षणभर पांढरा राहिलो, आणि मग माझ्या चिपला हुकूम आला. मी लाल झालो.

गोदाम मोटरसायकलवरून दहा मिनिटांवर होतं. काकांची गाडी यायला अजून वेळ होता. खाली उघड्यावर थांबायची भीती वाटून आई खिडकीतून गाडीची वाट बघत राहिली, आणि गाडी दिसेना तेव्हा खारूचा हात धरून तिने जिना गाठला. दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचल्या असतील. बुटांचा आवाज मी ओळखला. नंतर फरफटत वर येण्याचा आवाज.

बाबांनी आईला केसांनी ओढत स्वयंपाकघरात आणलं आणि पिशवी ओट्यावर उपडी केली. "भावाकडे जातेस?" एवढंच ते म्हणाले. त्यांनी शिवणयंत्राचं लाकडी झाकण उचललं आणि तिच्या पाठीत घातलं. ती गुडघ्यांवर आली. दुसरा घाव कानावर बसला. माझ्या लाल उजेडात रक्त दिसत नव्हतं. फरशी फक्त ओली दिसत होती.

खारू या वेळी टेबलाखाली गेली नाही. ती दारातून निसटली आणि खालच्या मजल्यावर दारं बडवू लागली. "माझ्या आईला मारतायत," ती म्हणत होती. पहिलं दार उघडलं नाही. आत टीव्हीचा आवाज मोठा झाला. ती दुसऱ्या दारावर गेली. ते निवृत्त बसचालकाचं होतं. त्यांनी उघडलं.

तेवढ्यात काका वर पोचले होते. ते मध्ये पडले. "साहेब, बास," म्हणाले. बाबांनी स्टूल उचलून त्यांच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. दुसऱ्यांदा स्टूल वर गेलं तेव्हा त्याचा पाय मला लागला. माझी टोपी तडकली, होल्डर एका वायरीवर लोंबू लागला, आणि माझा उजेड भिंतीवरून, माणसांवरून हेलकावे खाऊ लागला. त्या हलत्या उजेडात मी आईला उठताना पाहिलं. शिवणापाशी तिची जड इस्त्री होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि बाबांच्या गुडघ्यावर मारली. ते कोसळले. पुन्हा उठू लागले तेव्हा तिने इस्त्री परत वर नेली. "उठू नका," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. ते उठले नाहीत. बसचालक आणि त्यांची बायको आत आली, आणि पोलीस येईपर्यंत दारात उभी राहिली.

आईला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून ते पंखे बसवत नाहीत. खटला चालला. खारूने न्यायाधीशबाईंना सगळं सांगितलं, लाल रंगाचंही. बाबांना तुरुंगात पाठवलं. मी पुरावा म्हणून एका कापडी पिशवीत वर्ष-सव्वा वर्ष पडून होतो. तिथे ना उजेड, ना कौतुक. मला त्याची तक्रार नाही.

पिशवी परत मिळाली तेव्हा आईने ती काकांच्या विजेच्या सामानाच्या दुकानात आणून ठेवली. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात आता तिचं शिवणयंत्र आहे. काकांनी माझी चिप तोडली. मला हुकूम देईल असा फोन आता जगात नाही. मग त्यांनी खारूला विचारलं, "आईच्या यंत्रावर हा लावू का? नुसता पांढरा आहे आता."

खारूने माझ्याकडे नीट पाहिलं. "नको," ती म्हणाली. "दुसरा द्या."

काकांनी दुसरा लावला. तिचं बरोबर होतं. माणूस असो की दिवा, पुढे चांगला वागला म्हणून त्याला घरात घ्यायलाच हवं असं नाही.

मी आता मागच्या कोठीत असतो. वायरींची भेंडोळी आणि दोऱ्यांची खोकी माझ्याखाली असतात. खारू कधी दोरा न्यायला येते. पहिल्या वेळी ती बटण दाबून, हात बटणावरच ठेवून, दारात उभी राहिली होती. मी पांढराच राहिलो. तरी ती पुष्कळ वेळ थांबली, मग आत आली. हल्ली ती थांबत नाही. गाणं गुणगुणत येते, हवा तो दोरा उजेडात धरून बघते आणि जाते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात एखाद्या रंगाने, आवाजाने, बुटांच्या चाहुलीने तुम्हाला लपावंसं वाटत असेल, तर ते कुणाला तरी सांगा. शाळेतल्या बाईंना, मामाला, खालच्या मजल्यावरच्या माणसाला. पहिलं दार उघडलं नाही तर दुसरं वाजवा. आणि मोठे झाल्यावर तुमचं दार कुणी असं वाजवलं, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका.